पूररेषेचे नियम प्रत्यक्षात किती पाळले जातात? स्थानिक संस्थांच्या कामाचे मूल्यमापन करण्याची पद्धत

कोल्हापूर आणि सांगली या शहरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांच्या आत पाहिले. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेली आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली. प्रत्येक पुरानंतर पूररेषेतील, म्हणजे पुराचे पाणी जिथवर येऊ शकते त्या रेषेच्या आतील, बांधकामांवर चर्चा झाली. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनेही नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांची दखल घेतली. तरीही एखाद्या महापालिकेने, नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने पूररेषेचा नियम किती परवानग्यांना लावला, त्यांपैकी किती ठिकाणी जागेवर जाऊन खात्री केली आणि नियम मोडलेला दिसल्यावर काय केले, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. तो हिशेब कसा मांडावा, हे या लेखात सांगितले आहे. शासकीय तपासणी पथक, अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्र महाविद्यालयाचा गट, तसेच नागरिकांची समिती यांपैकी कोणीही ही पद्धत वापरू शकेल. पातळी मोजण्याच्या कामासाठी मात्र सर्वेक्षणाची सवय असलेली किमान एक व्यक्ती सोबत असलीच पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. पाडलेल्या अतिक्रमणांची संख्या हे नियमपालनाचे माप होऊ शकत नाही. इमारत किती उंचीवर असावी ही परवानगीतील पातळीची अट जोते तपासणीच्या वेळी, म्हणजे पाया भरून जोत्यापर्यंत काम आल्यावर होणाऱ्या तपासणीत, आकड्यात मोजली जाते की नाही, हे खरे माप आहे. पुढची सगळी पद्धत या प्रश्नाभोवती बांधलेली आहे.

नियम नेमका काय आहे

महाराष्ट्रात पूररेषा दोन आहेत. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते किंवा नदीच्या प्रस्थापित पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गाची असते, आणि या दोहोंपैकी जो विसर्ग जास्त तो धरला जातो. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. वरच्या बाजूस धरण असल्यास धरणाचा संकल्पित महत्तम विसर्ग आणि धरणाखालच्या पाणलोटातून येणारा पूर यांचाही तिच्या आखणीत विचार होतो. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तर निळी ते लाल रेषा हे निर्बंधित क्षेत्र होय. ही चौकट पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून चालत आली असून जलसंपदा विभागाने पुढे तिच्यात सुधारणा केल्या आहेत.

बृहन्मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० पासूनच्या यूडीसीपीआरमध्ये, या क्षेत्रांसाठी तरतूद आहे. निषिद्ध क्षेत्रात वाहनतळ, ओट्यांची खुली भाजी मंडई, उद्यान, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, नळवाहिन्या, सार्वजनिक स्वच्छतागृह अशा मोजक्या वापरांना वाव आहे. तेथील जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास जलसंपदा विभागाच्या ना-हरकत दाखल्यासह लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर होऊ शकतो. निर्बंधित क्षेत्रातील बांधकामालाही लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर ही अट लागू आहे. मूल्यमापन करणाऱ्याने हा ४५ सेंटीमीटरचा आकडा पक्का लक्षात ठेवावा. तो मोजता येतो, त्यात मतभेदाला जागा नाही आणि तो पाळला की नाही हे इमारत पूर्ण झाल्यानंतरही तपासता येते.

'१०० वर्षांचा पूर' या शब्दप्रयोगाने अधिकाऱ्यांचाही गैरसमज होतो, म्हणून चर्चेच्या वेळी संभाव्यतेचे गणित जवळ ठेवावे. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते. ३० वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळी रेषा २५ वर्षांच्या पुरावर आखलेली असेल, तर तिच्यापर्यंतच्या पुरासाठी हाच आकडा ७० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे अशा निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्या कुटुंबाने कर्ज फिटेपर्यंत घरात एकदा तरी पाणी पाहण्याची शक्यता न पाहण्याच्या शक्यतेपेक्षा बरीच जास्त आहे.

कोणाचे काम कोणते

पूररेषा आखण्याचे काम जलसंपदा विभागाचे आहे आणि ती विकास आराखड्यावर किंवा प्रादेशिक योजनेवर दाखवण्याचे काम नियोजन प्राधिकरण व नगररचना विभागाचे आहे. परवानगी महापालिका किंवा नगरपरिषद देते. शहरी हद्दीबाहेर हे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि गावठाणात ग्रामपंचायतीचा संबंध येतो. पुराचा इशारा देणे आणि स्थलांतर करणे हा आपत्ती व्यवस्थापनाचा भाग आहे. ही विभागणी आधीच कागदावर उतरवली नाही, तर अहवालात सगळा दोष नगरपालिकेच्या माथी मारला जातो, नगरपालिका जलसंपदा विभागाकडे बोट दाखवते आणि उणीव कोणाचीच ठरत नाही. म्हणून प्रत्येक निष्कर्षासमोर जबाबदार कार्यालयाचे नाव आणि त्या जबाबदारीचा आधार असलेले कलम किंवा परिपत्रक लिहावे.

त्यानंतर नदीची कोणती लांबी, कोणत्या वर्षाची पूररेषा आणि कोणत्या काळातील परवानग्या तपासायच्या, हे ठरवावे. पूररेषा सुधारली गेली असेल, तर परवानगीच्या दिवशी जी रेषा लागू होती तिच्याशीच ती परवानगी ताडून पाहावी. आजच्या रेषेत येणारे पण त्या दिवशी रेषेबाहेर असलेले घर हे उल्लंघन नाही. त्याची नोंद धोक्यातील घर म्हणून वेगळ्या यादीत करावी. हा फरक न पाळल्यास लोकांचा विश्वास पहिल्याच दिवशी जातो. चिपळूणमध्ये जुलै २०२१ च्या पुरानंतर पूररेषांना नागरिकांनी विरोध केला, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या बाजारपेठेवर आणि घरांवर नवी बंधने येणार ही भीती होती. अशा भीतीला मूल्यमापनाच्या पद्धतीतच उत्तर असले पाहिजे.

कागद गोळा करणे

पुढील कागद मिळाल्याशिवाय जागेवर जाऊ नये. पूररेषेचे नकाशे मागताना नुसती रंगीत रेष असलेली प्रत घेऊन भागत नाही. नदीच्या प्रत्येक छेदाजवळील, म्हणजे नदीपात्र आडवे मोजलेल्या ठिकाणाजवळील, साखळी अंतर (ठरलेल्या बिंदूपासून नदीच्या लांबीने मोजलेले अंतर) आणि तेथील निळ्या व लाल रेषेची समुद्रसपाटीपासूनची पातळी, ज्याला कार्यालयात सगळे 'आरएल' म्हणतात, ती दर्शवणारा तक्ता मागावा. त्याचबरोबर विकास आराखड्याचे संबंधित भाग नकाशे, ठरवलेल्या काळातील बांधकाम परवानग्यांची नोंदवही, जलसंपदा विभागाच्या ना-हरकत दाखल्यांची यादी, जोते तपासणी दाखले व भोगवटा प्रमाणपत्रे यांच्या नोंदी, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली अनधिकृत बांधकामांना दिलेल्या नोटिसांची यादी आणि पुरानंतर महसूल यंत्रणेने केलेल्या पंचनाम्यांचा गोषवारा हवा.

शासकीय पथकाला हे कागद पत्राने मिळतील. नागरिकांच्या गटाने माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा, पण 'सर्व परवानग्यांच्या प्रती द्या' अशी मोघम मागणी करू नये. नोंदवहीचे निरीक्षण मागावे, कारण अभिलेखांचे निरीक्षण करून टिपणे घेण्याचा हक्क या कायद्याने दिलेला आहे. निरीक्षणातून निवडलेल्या फाइलींच्याच प्रती नंतर घ्याव्यात. कार्यालयावरचा ताण कमी होतो आणि उत्तरही लवकर येते. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर न आल्यास पहिले अपील करायचे असते, हे वेळापत्रक आखताना धरून चालावे. पावसाळ्याआधी जागेवरची मोजणी संपवायची असेल, तर अर्ज दिवाळीच्या सुमारास गेलेले बरे.

फाइली निवडण्याची रीत

सगळ्या फाइली तपासणे शक्य नसते, म्हणून नमुना घ्यावा लागतो. आधी परवानग्यांच्या नोंदवहीतील गट क्रमांक आणि सिटी सर्व्हे क्रमांक पूररेषेच्या नकाशावर टाकून निषिद्ध व निर्बंधित क्षेत्रांतील परवानग्या वेगळ्या काढाव्यात. हे काम किचकट आहे, पण येथेच एक मोठी गोष्ट उघड होऊ शकते: लाल रेषेच्या आतील किती फाइलींवर पूररेषेचा उल्लेखच नाही.

वेगळ्या काढलेल्या परवानग्यांमधून एक भाग चिठ्ठ्या टाकून निवडावा आणि दुसरा भाग हेतुपूर्वक निवडावा. चिठ्ठ्यांच्या भागावरून संस्थेच्या सर्वसाधारण कामाचा अंदाज बांधता येतो. हेतुपूर्वक निवडलेल्या भागात मोठे गृहप्रकल्प, मंगल कार्यालये, रुग्णालये, शाळा, पेट्रोल पंप, भूखंड पाडलेले लेआउट आणि संस्थेची स्वतःची बांधकामे असावीत. हे दोन भाग अहवालात कधीही एकत्र करू नयेत, कारण मुद्दाम निवडलेल्या फाइलींतील दोषांची टक्केवारी संपूर्ण शहराला लावणे हा अन्याय होईल. नमुन्याच्या मर्यादेचीही जाणीव असावी. चिठ्ठीने निवडलेल्या ३० फाइलींत एकही दोष आढळला नाही, तरी एकूण फाइलींपैकी सुमारे १० टक्क्यांपर्यंत दोष असण्याची शक्यता शिल्लक राहते.

लहान भूखंडांकडे विशेष लक्ष द्यावे. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी सोपी कार्यपद्धती आहे आणि तेथे तपासणीचा भार बराचसा सादर केलेल्या कागदांवर व प्रमाणपत्रांवर येतो. सामान्य माणसाचा त्रास वाचावा म्हणून केलेली ही सोय योग्यच आहे. पण नदीकाठच्या जुन्या वस्त्यांत भूखंड लहानच असतात, म्हणून पूररेषेची अट नजरेतून सुटण्याची शक्यता तेथे सर्वांत अधिक असते.

फाइल कशी वाचावी

फाइलीतील कागद तारखांच्या क्रमाने लावून पाहावेत. भूखंड कोणत्या क्षेत्रात येतो याची नोंद अर्जाच्या छाननीत झाली आहे का? ना-हरकत दाखला लागत असेल, तर तो परवानगीच्या आधीचा आहे की नंतरचा? मंजूर नकाशाच्या छेदात लाल रेषेची पातळी आणि तळमजल्याच्या जमिनीची पातळी या दोन्ही आकड्यांत लिहिल्या आहेत का? परवानगीपत्रात 'पूररेषेच्या नियमांस अधीन राहून' एवढेच ठरीव वाक्य आहे, की 'तळमजल्याची जमीन अमुक आरएलपेक्षा खाली असता कामा नये' अशी नेमकी अट आहे? ठरीव वाक्याने कोणालाच बांधून ठेवता येत नाही, कारण बांधकाम करणाऱ्या मिस्त्रीला त्यातून कोणताही आकडा मिळत नाही.

यानंतर जोते तपासणी दाखला पाहावा. जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे याची खात्री या टप्प्यावर व्हायची असते. चूक स्वस्तात दुरुस्त करण्याची ही शेवटची संधी असते. त्यावर चार मजले चढले की कोणतीही संस्था ती इमारत पाडायला सहजी धजत नाही. दाखल्यात समास अंतरांची, म्हणजे इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेची, नोंद असते, पण पातळीचा आकडा आहे का ते पाहावे. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र पाहून, तळमजल्याचा मंजूर वापर वाहनतळाचा होता की राहण्याचा, हे टिपून घ्यावे; जागेवर त्याचा उपयोग होईल.

प्रत्येक फाइलीसाठी एका ओळीचा तक्ता करावा आणि स्तंभ याच टप्प्यांचे ठेवावेत. समजा, निर्बंधित क्षेत्रातील ४० फाइलींपैकी ३४ मध्ये पूररेषेचा उल्लेख आहे, २१ मध्ये नकाशावर आरएल लिहिलेला आहे आणि जोते तपासणीत पातळीचा आकडा फक्त ६ मध्ये आहे. हे काल्पनिक उदाहरण आहे, पण अशा उतरत्या आकड्यांवरून नियम नेमका कोठे गळतो ते दिसते. येथे छाननी करणाऱ्या लिपिकाला प्रशिक्षण देऊन काही साधणार नाही. जोते तपासणीला जाणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात लेव्हल यंत्र द्यावे लागेल आणि दाखल्याच्या नमुन्यात पातळीचा रकाना घालावा लागेल.

जागेवरची पातळी मोजणे

पातळी मोजल्याशिवाय काढलेले निष्कर्ष वादात टिकत नाहीत, म्हणून या टप्प्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा.

प्रथम तलचिन्ह, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेली पक्की खूण, शोधावे. ज्या तलचिन्हांवरून पूररेषेचे सर्वेक्षण झाले त्यांची यादी जलसंपदा विभागाकडे मागावी आणि त्याच चिन्हांवरून मोजणी सुरू करावी. दुसऱ्या कोणत्या आधारावरून मोजल्यास दोन सर्वेक्षणांतील फरक इमारतीचा दोष म्हणून दिसू शकतो. ऑटो लेव्हल (पातळी मोजण्याची दुर्बीण) आणि उभी मोजपट्टी यांनी तलचिन्हापासून इमारतीपर्यंत वाचने घेत जावे, तळमजल्याच्या तयार जमिनीवर वाचन घ्यावे आणि परत तलचिन्हावर येऊन फेरी बंद करावी. परतीच्या वाचनात एक-दोन सेंटीमीटरपेक्षा अधिक फरक आला, तर ती फेरी रद्द करून पुन्हा घ्यावी. मोबाइलमधील उंचीचा आकडा या कामासाठी निरुपयोगी आहे. डीजीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या आधारे नेमके स्थान मोजणारे यंत्र, वापरल्यास, त्यातून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, ती गणिती लंबगोलापासूनची असते, हे लक्षात ठेवावे. दोहोंतील फरक कित्येक मीटरांचा असतो आणि तो दुरुस्त न करता केलेली तुलना पूर्णपणे चुकते.

दुसरी अडचण फूट आणि मीटर यांची. लोक पुराची उंची फुटांत सांगतात आणि नकाशे मीटरमध्ये असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी समुद्रसपाटीपासून ५४२.०७ मीटरवर आणि ४३ फुटांची धोका पातळी ५४३.२९ मीटरवर आहे. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, या हिशेबाने २०१९ ची ५५ फूट ७ इंच ही पातळी सुमारे ५४७.१२ मीटर येते. मात्र हा आकडा बंधाऱ्याजवळचा आहे. पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसून प्रवाहाच्या दिशेने उतरता असतो, म्हणून बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या भूखंडाची लाल रेषेची पातळी त्याच्या जवळच्या छेदाच्या तक्त्यावरूनच घ्यावी. भूखंड दोन छेदांच्या मध्ये असेल, तर अंतराच्या प्रमाणात मधली पातळी काढावी.

उदाहरणादाखल, एका भूखंडाजवळ लाल रेषेची पातळी ५४६.२० मीटर आहे असे धरू. तळमजल्याची जमीन किमान ५४६.६५ मीटरवर हवी. मोजणीत ती ५४५.९० मीटर आली, तर बांधकाम अटीपेक्षा ७५ सेंटीमीटर खाली आहे आणि लाल रेषेइतका पूर आल्यास त्या घरात ३० सेंटीमीटर पाणी उभे राहील. अहवालात हे दोन्ही आकडे द्यावेत; पहिला नियमभंग किती ते सांगतो आणि दुसरा रहिवाशाला त्याचा धोका समजावतो.

पडताळणीसाठी पुराच्या खुणा फार उपयोगी पडतात. जुन्या घरांच्या भिंतींवर २०१९ किंवा २०२१ चे पाणी कोठवर आले होते त्याची रेघ रहिवाशांनी मारून ठेवलेली असते; काही ठिकाणी रंग दिल्यावरही ओलीची पट्टी दिसते. अशा खुणांची पातळीही मोजावी. चार-पाच खुणा लाल रेषेच्या तक्त्यापेक्षा सातत्याने वर येत असतील, तर रेषेचीच फेरतपासणी आवश्यक आहे असा निष्कर्ष निघतो आणि त्याबद्दल नगरपालिकेला दोष देता येत नाही.

फाइलीत न दिसणाऱ्या गोष्टी

मोजणीच्या सोबतीने संपूर्ण नदीकाठ आणि नदीला मिळणारे ओढे पायी पाहावेत. मंजूर नकाशात खांबांवर मोकळा सोडलेला वाहनतळ भिंती घालून दुकान किंवा खोली झाला आहे का, हे पाहावे. ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती गंभीर आहे, कारण वरच्या मजल्याची पातळी नियमात बसत असूनही माणसे आणि माल पाण्याच्या वाटेत येतात. भराव टाकून उंच केलेले भूखंड, ओढ्याला लावलेली भिंत, राडारोड्याचे ढीग, पाणी अडवणारी सलग कुंपणे आणि रस्त्याच्या भरावात अपुऱ्या राहिलेल्या मोऱ्या यांची छायाचित्रे ठिकाण व तारखेसह घ्यावीत. भराव किती वर्षांत झाला हे जुन्या उपग्रह चित्रांशी तुलना करून बऱ्यापैकी ठरवता येते.

भरावाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. इमारत एक वेळ नियमात बसवता येते, पण पाणी साठण्याची जागा भरावाने गेली की ते पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते आणि शेजाऱ्याने कोणताही नियम मोडलेला नसतो. परवानगीच्या नोंदवहीत भरावाला बहुधा स्थान नसते, म्हणून मूल्यमापनात त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे.

संस्थेने स्वतः उभारलेल्या इमारती, रस्ते आणि सुशोभीकरणाची कामे त्याच कसोटीवर तपासावीत. पंपिंग स्टेशनमधील विजेची यंत्रसामग्री लाल रेषेच्या वर आहे का, हे पाहायला विसरू नये. पूर आला की पाणीपुरवठा त्यावरच अवलंबून असतो.

कार्यालयातील चर्चा

फाइली आणि जागा पाहून झाल्यावर नगररचनाकार, शहर अभियंता, जोते तपासणी करणारे कर्मचारी आणि आपत्ती व्यवस्थापन कक्ष यांच्याशी वेगवेगळे बोलावे. धोरणाविषयी विचारण्यापेक्षा कामाविषयी विचारावे. गेल्या आठवड्यात आलेला अर्ज पूररेषेत आहे की नाही, हे तुम्ही कसे पाहिले? तो नकाशा आता दाखवता येईल का? जागेवर पातळी कशाने मोजता? शिथिलता देण्याचा अधिकार कोणाला आहे आणि दिलेल्या शिथिलतांची यादी कोठे असते? नकाशा कपाटातून काढायला बराच वेळ लागत असेल, तर तो रोजच्या वापरात नाही हे उघड आहे. कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या अडचणी, म्हणजे रिक्त पदे, यंत्रे नसणे किंवा दबाव, अहवालात त्यांची नावे न घेता नोंदवाव्यात.

अमेरिकेतील तपासणीतून काय घ्यावे

अमेरिकेत राष्ट्रीय पूर विमा योजना १९६८ च्या कायद्याने सुरू झाली आणि आज २२ हजारांहून अधिक स्थानिक संस्था तीत सहभागी आहेत. फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची संघीय संस्था किंवा तिच्या वतीने राज्याचे अधिकारी या संस्थांना भेट देतात, पूरक्षेत्राची फेरी करतात, परवानगीच्या फाइली तपासतात, उणिवा लेखी कळवतात आणि त्या दूर होईपर्यंत पाठपुरावा करतात. दोष दूर न केल्यास संस्थेला परिवीक्षेवर, म्हणजे सुधारणेच्या अटीवर देखरेखीखाली, ठेवले जाते, त्या काळात प्रत्येक विमा पॉलिसीवर ५० डॉलर अधिभार लागतो आणि पुढची पायरी निलंबनाची असते.

पुरानंतर किंवा वादळानंतर झालेली दुरुस्ती तेथे विशेष काटेकोरपणे तपासली जाते. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारमूल्याच्या ५० टक्के किंवा अधिक असेल, तर ती इमारत नव्या बांधकामाच्या नियमात आणावी लागते. सप्टेंबर २०२२ मधील इयान चक्रीवादळानंतर फ्लोरिडातील ली काउंटी आणि तिच्यातील काही शहरांत विनापरवाना दुरुस्त्या व अपुऱ्या नोंदी आढळल्यावर, तेथील रहिवाशांना विमा हप्त्यात मिळणारी २५ टक्क्यांची सवलत काढण्याचा इशारा फेमाने २०२४ च्या मार्चमध्ये दिला. बहुतेकांनी कागदपत्रे सादर करून सवलत टिकवली. फोर्ट मायर्स बीच हे गाव मात्र त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये परिवीक्षेवर गेले.

विम्याचा हा लगाम आपल्याकडे नाही. पण पुरानंतरच्या एका वर्षातील दुरुस्त्या स्वतंत्रपणे तपासण्याची रीत आपण लगेच उचलावी. पंचनाम्यांत पूर्णतः पडझड झालेली म्हणून नोंदलेली घरे निवडून, ती पुन्हा बांधताना पातळी वाढवली की पूर्वीच्याच जोत्यावर भिंती उभ्या राहिल्या, ते पाहावे. ज्या कुटुंबाला मदत मिळाली पण घर उंच करण्याइतकी मिळाली नाही, त्याची नोंद नियमभंगाच्या यादीत न करता मदतीच्या निकषांतील त्रुटी म्हणून करावी.

निष्कर्षांची मांडणी

निष्कर्ष दोन प्रकारांत विभागावेत. पहिला प्रकार कार्यपद्धतीतील उणिवांचा: नकाशा अद्ययावत नाही, दाखल्यात पातळीचा रकाना नाही, शिथिलतांची नोंदवही नाही. दुसरा प्रकार प्रत्यक्ष उल्लंघनांचा, म्हणजे ठरावीक भूखंडावरील ठरावीक बांधकामाचा. एकच उणीव अनेक उल्लंघनांना जन्म देत असते, म्हणून कोणती उल्लंघने कोणत्या उणिवेतून आली हे जोडून दाखवावे. सर्व बाबींना गुण देऊन '१०० पैकी ६२' असा एकच आकडा काढण्याचा मोह टाळावा. प्रवाह अडवणारा भराव आणि फाइलीत राहून गेलेली सही यांची सरासरी काढता येत नाही.

गंभीरता ठरवताना प्रथम माणसांच्या जिवाला धोका, मग प्रवाहात अडथळा, मग मालमत्तेचे नुकसान आणि शेवटी कागदोपत्री चूक, असा क्रम ठेवावा. तळघरातील निवास, रुग्णालयाचा तळमजला किंवा निषिद्ध क्षेत्रातील शाळा आढळल्यास अहवालाची वाट न पाहता संबंधित अधिकाऱ्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत मालकांची नावे देऊ नयेत, भूखंडांना सांकेतिक क्रमांक द्यावेत आणि मूळ यादी कार्यालयाच्या स्वाधीन करावी. झोपडवस्ती सहज दिसते आणि मोठ्या संकुलाची नियमभंगाची जागा भिंतीआड असते, त्यामुळे यादीत गरिबांचीच घरे भरली आहेत का, हे शेवटचा हात फिरवण्यापूर्वी तपासून पाहावे.

उत्तर आणि पाठपुरावा

मसुदा संस्थेला देऊन लेखी उत्तरासाठी एक महिना द्यावा आणि आलेले उत्तर अहवालात जसेच्या तसे जोडावे. काही फाइलींत नंतरचा कागद मिळेल आणि निष्कर्ष बदलावा लागेल. तो मोकळेपणाने बदलावा. प्रत्येक उणिवेसमोर उपाय, जबाबदार पद आणि मुदत लिहून घ्यावी. पातळीचा रकाना घालणे हे आठवड्याचे काम आहे, तलचिन्हे बसवणे हे एका हिवाळ्याचे, तर भराव काढणे हे कायदेशीर प्रक्रियेमुळे वर्षभराचे.

उल्लंघन दूर करणे म्हणजे दर वेळी पाडकामच असते असे नाही. वाहनतळातील भिंती काढता येतात, सलग कुंपणाच्या जागी पाणी जाऊ देणारे कुंपण घालता येते, विजेचे मीटर वर नेता येतात. ज्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र अद्याप दिलेले नाही, तिथे ते दुरुस्तीनंतरच द्यावे. जे दोष दूर होण्यासारखे नाहीत, त्यांत पुढचे बांधकाम वाढू न देणे आणि रहिवाशांची नावे स्थलांतराच्या यादीत पहिल्या टप्प्यात घालणे एवढे तरी झालेच पाहिजे. संस्था काहीच करत नसेल, तर नियोजन कायद्याच्या कलम १५४ खाली निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. तेथे अर्ज करताना मोजणीच्या वहीची आणि फेरी बंद केल्याच्या आकड्यांची प्रत जोडावी, म्हणजे चर्चा पुन्हा 'मोजणी बरोबर होती का' येथून सुरू होणार नाही.

दुसरी भेट पहिल्यानंतर साधारण वर्षभराने, शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये ठेवावी, कारण तेव्हा नदीचे पाणी कमी असते आणि काठावरचे नवे भराव उघडे दिसतात. त्या भेटीत मागच्या फाइली पुन्हा पाहण्याबरोबरच मधल्या काळात दिलेल्या नव्या परवानग्यांतून दहा-पंधरा फाइली चिठ्ठीने काढाव्यात आणि त्यांच्या जोते तपासणी दाखल्यांत पातळीचा आकडा किती ठिकाणी भरला आहे ते मोजावे. तो आकडा खरा आहे का, हे ठरवण्यासाठी त्यांपैकी तीन-चार इमारतींच्या जोत्यावर पट्टी उभी करून पुन्हा वाचन घ्यावे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून संस्थेच्या प्रमुखांकडे द्यावेत.